डोहेश्वराच्या दोराची गाठ

नावपेठेत यायचं तर स्टँडवरून अकरा नंबरची बस धरावी. मंडई, जुनी कचेरी, तालीम असे थांबे घेत ती कृष्णेकडे उतरते आणि पुलाच्या अलीकडे कंडक्टर ओरडतो, "गाठ! गाठवाले, पुढं सरका." नवखा माणूस बावचळतो. थांब्याच्या पाटीवरही तेवढंच लिहिलेलं आहे: गाठ.

थांब्यावर उतरून डाव्या हाताला वळलं की डोहेश्वराचं रथघर लागतं. दार दोन पुरुष उंच. आत रथ उभा असतो आणि मागच्या भिंतीवर, खुंट्यांवर वेटोळी घालून रथाचा दोर टांगलेला असतो. चांगला मनगटाएवढा जाड. नीट पाहिलं तर अर्धा दोर काथ्याचा आहे, तांबूस. उरलेला अर्धा अंबाडीचा, पांढुरका. दोन्ही जिथं भेटतात तिथं नारळाएवढी गाठ आहे. दर बारा वर्षांनी दोर नवा करतात, पण तोही दोन तुकड्यांतच. एकसंध दोर या पेठेत रथाला चालत नाही.

असं का, हे पाहुण्यांनी विचारलं की रथघराची किल्ली सांभाळणारे दामूअण्णा गुरव त्यांना पायरीवर बसवतात, घागरीतलं पाणी देतात आणि मग सांगायला लागतात. त्यांच्या आज्यानं त्यांना सांगितलं, आज्याला त्याच्या बापानं. ते सांगतात ती हकीगत अशी.

तेव्हा पूल नव्हता. नदी ओलांडायची ती नावेनं, आणि नाव चालवायचा मान अंब्यांचा. नावपेठेची मोठी नाव नारू अंब्याकडे होती. नारू वारल्यावर त्याच्या बायकोनं, ठकूनं, कुणाला न विचारता वल्हं हातात घेतलं. बाईमाणसानं नाव हाकायची म्हणजे काय, अशी थोडी कुजबूज झाली म्हणे. पण तिनं चार पावसाळे नाव चालवली आणि एक माणूस बुडू दिलं नाही, तेव्हा कुजबूज आपोआप बंद पडली. बाई उंच, आवाज खणखणीत. अलीकडून हाक दिली तर पलीकडं शेतातला माणूस मान वर करून बघायचा.

मग साथीचं साल आलं. उंदीर पडायला लागले, काखेत गाठी यायला लागल्या. ज्यांची ऐपत होती ते पेठ सोडून रानात राहुट्या ठोकून राहिले. उरलेल्यांत ज्याला ताप येईल त्याला नदीपलीकडं नेऊन ठेवायचं असं ठरलं. पैलतीरावर, नदी आणि ओढा यांच्या बेचक्यात एक मोकळी जागा होती. तिथं पाचटाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आजाऱ्यांना तिकडं पोहोचवायचं काम अर्थातच ठकूच्या नावेकडं आलं.

ती एकेकाला घेऊन जायची. कुणी रडायचं, कुणी नावेच्या कडेला घट्ट धरून बसायचं आणि उतरायलाच तयार नसायचं. त्यांना धीर द्यायचा म्हणून ठकू म्हणायची, "बरं वाटलं की नुसती हाक मारा. मी न्यायला यीन."

इसाक मोमीन म्हणून एक म्हातारा विणकर होता. त्याला नेलं तेव्हा तो रडला नाही की ओरडला नाही. तीरावर उतरला, वळला आणि विचारलं, "ठकूबाई, हे तू समद्यांना सांगतीस. माझ्या तोंडावर सांग. येशील?"

ठकूनं वल्हं ठेवलं. मग वाकून तिनं ओंजळभर पाणी घेतलं आणि परत नदीत सोडलं. "कृष्णामाईची आण हाय, चाचा. जो हाक मारील त्याला न्यायला यीन."

असं सांगतात की, त्या दिवसापर्यंत ते बोलणं म्हणजे समजूत घालणं होतं. त्या दिवसापासून ती शपथ झाली.

काही आठवड्यांनी पैलतीरावरची माणसं बरी व्हायला लागली. सगळी नाही, पण पुष्कळ. सकाळी ऊन वर आलं की ती पाण्याच्या काठी येऊन उभी राहायची आणि हाक द्यायची, "ठकूऽऽ!" ठकू अलीकडून ओरडायची, "येतेऽऽ!" आणि जायची नाही.

जायची नाही, कारण पेठेच्या चौधऱ्यांनी मनाई केली होती. दाजीबा चौधरी हा काही दुष्ट माणूस नव्हे. साथीच्या पहिल्याच आठवड्यात त्याचा एकुलता एक मुलगा घरातच गेला होता. मुलाला पलीकडं न्यायला उशीर केला, माया आड आली, म्हणून घरातली आणखी दोन माणसं गेली, असं त्याला वाटायचं. तेव्हापासून तो एकच सांगायचा, "गेलेला माणूस परत पेठेत आणायचा न्हाई. साथ सरली की बघू." नाव पेठेची, घाट पेठेचा आणि शब्द चौधऱ्याचा. ठकूनं दोनदा विनवलं, तिसऱ्यांदा ती गप्प बसली.

बारा दिवस ती नुसतं "येतेऽऽ" म्हणत राहिली. पुढं म्हातारपणी ती सांगायची म्हणे, की आपल्या हातून आयुष्यात जे काही वाईट झालं ते त्या बारा दिवसांत झालं. पैलतीराची माणसं रोज ऐकत होती आणि रोज परत हाक मारत होती. ती माणसं चिडून ओरडली असती तर सोसलं असतं, पण ती नुसतं तिचं नाव घेत.

तेराव्या दिवशी नदी चढली. श्रावणाचा महिना. वरच्या मुलखात चार दिवस पाऊस कोसळत होता आणि त्याचं पाणी सकाळी नावपेठेला पोहोचलं. गढूळ, लालभडक, वरून अख्खी झाडं वाहत येत होती. ठकू नाव वर ओढून घ्यायला घाटावर धावली, पण तिच्या डोळ्यांदेखत लाटेनं नाव उचलली आणि घाटाच्या बुरुजावर आदळली. एका धडकेत तिच्या फळ्या सुटल्या.

ठकूनं पैलतीराकडं पाहिलं. झोपड्यांच्या मागचा ओढाही तुंबून फुगला होता. पुढं नदी, मागं ओढा, मधे उंचवट्याचा एक पट्टा आणि त्यावर माणसं. दुपार कलायच्या आत तो पट्टा पाण्याखाली जाणार, हे सांगायला तिला कुणाची गरज नव्हती. तिकडून हाक आली नाही. बारा दिवसांत पहिल्यांदाच कुणी हाक मारली नाही.

तेव्हा ठकूच ओरडली, "आलेऽऽ!"

ती घाट चढून सरळ पेठेच्या टोकाला गुऱ्हाळावर गेली. तिथं गूळ कढवायची लोखंडी काहील पालथी पडली होती. पाच हात रुंद, उथळ, कडेला चार कड्या. आमच्या मुलखात पुराच्या वेळी माणसं काहिलीत बसून नदी उतरत, पण काहिलीला ना तोंड ना शेपूट. ती पाण्यावर भोवऱ्यासारखी फिरते आणि प्रवाह नेईल तिकडं जाते. माणसं भरून परत आणायची तर तिला धरून ठेवणारा दोर हवा, या तीरापासून त्या तीरापर्यंत ताणलेला. नदी घाटापाशी खडकांमुळं आवळलेली आहे, तरी एवढा लांब आणि जाड दोर पेठेत एकच होता. डोहेश्वराच्या रथाचा.

देवळात म्हादबा गुरव होता. साठी उलटलेला, जरा भित्रा माणूस. ठकूनं दोर मागितला तसा तो मटकन खालीच बसला.

"रथाचा दोर? अगं, तो चैत्रात निघतो, पूजा करून. एरवी त्याला हात लावत न्हाईत."

"आज लावा, आबा."

"आन् तिकडं साथीची माणसं. चौधरी काय म्हणतील?" मग त्याला सुटकेची एक वाट सुचली. "थांब. मी देवाला कौल लावतो. उजवं फूल पडलं तर—"

"देवाला विचारू नका, आबा," ठकू म्हणाली. "त्यानं न्हाई म्हटलं तर तुमची पंचाईत हुईल. मी तर नेणारच हाय."

म्हादबानं हातातलं फूल ताटात परत ठेवलं, किल्ली काढली आणि रथघराचं दार उघडलं. दोर ओढून काढताना मात्र तो म्हणाला, "पोरी, ह्यो दोर पुरायचा न्हाई. निम्म्याच्या थोडा पुढं जाईल, बस."

"जाईल तितका जाऊ द्या. उरल्यालं तिकडं गेल्यावर बघू."

पेठेत तेव्हा माणसंच थोडी होती. नऊ बायका, तालमीतला एक लंगडा वस्ताद आणि म्हादबा. बायकांनी घरोघरच्या आडाचे पोहरे सोडले, त्यांचे दोर एकमेकांना बांधले आणि एक लांबलचक बारीक दोरी केली. ती जड माणसं पेलणार नव्हती, पण तिच्यामागून मोठा दोर ओढून घ्यायला पुरेल एवढी होती. काहील उचलून सगळ्यांनी घाटाच्या वर, नदीच्या वळणापाशी नेली. दाजीबा चौधरी आपल्या ओट्यावर उभा राहून हे पाहत होता. त्यानं एकदाच विचारलं, "कुठं निघालीस?"

"हाक आलीया," ठकू म्हणाली. "बारा दिस झालं."

दाजीबा ओट्यावरून खाली उतरला नाही.

वळणावर पाण्यात टाकलेली फांदी कुठं लागते हे ठकूला पाठ होतं. ती बरोबर पैलतीराच्या जुन्या करंजापाशी लागते, फक्त वळणाच्या पहिल्या खडकाला चिकटून सोडायला हवी. बारीक दोरीचं टोक कमरेला बांधून ती काहिलीत बसली आणि बायकांनी काहील ढकलली. काठावरच्यांना ती दोनदा दिसेनाशी झाली म्हणे. काहील गरगर फिरत होती, एकदा वाहत्या बाभळीनं तिला ठोकर मारली, ठकूच्या पायाशी वीतभर पाणी साचलं. ती दोन्ही तळहातांनी पाणी मारत होती आणि डोळे करंजावर ठेवून होती. फिरणाऱ्या काहिलीत करंज कधी पुढं यायचा, कधी पाठीशी जायचा. शेवटी तो इतका जवळ आला की तिनं काहिलीची कडी न सोडता उडी मारून त्याचं मूळ धरलं.

ती वर चढली आणि पाहते तर छावणीत एकही झोपडी उभी नव्हती. सगळं पाचट जमिनीवर पडलेलं. आपल्याला उशीर झाला असं तिला वाटलं. मग तिला माणसं दिसली. एकेचाळीस जण, लहानथोर, उंचवट्यावर रांगेनं बसले होते आणि सगळ्यांचे हात चालले होते. झोपड्यांचे बंध सोडून, कुडांना बांधलेली अंबाडी काढून ती माणसं दोर वळत होती. मधे इसाक मोमीन फिरत होता आणि पीळ तपासत होता. "ढिल्ला हाय. पुन्हा वळ."

"चाचा," ठकू म्हणाली. "झोपड्या तुम्ही पाडल्या?"

"तुझी नाव फुटल्याली बघितली आम्ही हिथनं," तो म्हणाला. "म्हटलं, आता ती दोर घिऊन येणार. आन् एवढा दोर पेठेत कुठला असायला? थोडा आपण वळू."

"मी बारा दिस आले न्हाई. तरी?"

"आज आलीस न्हवं? बस आता खाली, ह्यो पेड धर."

ठकू खाली बसली आणि तिनं पेड धरला. असं सांगतात की ती त्या वेळी रडली, पण हात थांबवला नाही.

अंबाडीचा दोर पुरा झाल्यावर त्याचं एक टोक ठकूच्या बारीक दोरीला बांधलं, दुसऱ्याला उरलेल्या बंधांची लांब दोरी जोडून ती पैलतीरावर हातात धरली. ठकूनं हाक दिली तशी अलीकडच्यांनी बारीक दोरी ओढून घेतली आणि अंबाडीचा दोर नदी ओलांडून घाटावर आला. म्हादबानं रथाचा दोर त्याला जोडला. गाठ मारताना त्यानं डोहेश्वराचं नाव घेतलं आणि सगळी ताकद लावून, पाय दोराला टेकवून ती आवळली. मग पैलतीराच्या माणसांनी हातातल्या दोरीनं सगळा जोडदोर आपल्याकडं ओढला, करंजाला बांधून ताणला, आणि गाठ नदीच्या बरोबर मधोमध जाऊन थांबली. अलीकडचं टोक म्हादबानं नाव बांधायच्या दगडी खांबाला गुंडाळलं.

कुणी म्हणतात, दोन्ही दोर मिळूनही वीस हात कमी पडत होते आणि देवानं ते पुरवले. दामूअण्णा म्हणतात, "इसाक मोमीन मापाचा पक्का मनुष्य होता. देवाला त्रास द्यायची वेळ त्यानं येऊ दिली नसंल."

ठकूनं काहिलीच्या कडीतून एक फास काढून तो मोठ्या दोरात अडकवला. काहिलीत सहा-सात माणसं बसवायची आणि दोराला हात घालत घालत काहील अलीकडं घाटावर आणायची. पहिल्या खेपेला लहान मुलं आणि त्यांच्या आया बसल्या. निम्म्यापर्यंत काहील नीट गेली आणि मग खटकन थांबली. फास गाठीवरून सरकेना.

आता फास सोडायचा, गाठीच्या पलीकडं नेऊन पुन्हा अडकवायचा. तेवढ्या वेळात काहिलीला नदीत धरून ठेवणारं काय? ठकूचे हात. तिनं दोर दोन्ही हातांनी पकडला, दोन्ही पाय काहिलीच्या कडेला रोवले आणि एका आईला सांगितलं, "तू फास सोड. घाई करू नगंस. मी धरलंय." फास सुटला तशी काहील प्रवाहाबरोबर ओढली गेली आणि ठकूच्या तळहातांतून दोर वीतभर सरकला. कातडं सोलत सरकला. तिनं धरून ठेवलं. बाईनं फास पलीकडं अडकवला, आणि काहील पुढं निघाली.

अशा सात खेपा. जाताना गाठ, येताना गाठ. दर वेळी तेच. तिसऱ्या खेपेनंतर बायकांनी तिच्या हाताला चिंध्या बांधल्या, चौथ्या खेपेला त्या लाल झाल्या. घाटावरच्या एकीनं विचारलं, "जरा दम घेतीस का?" तर ठकू पैलतीराकडं बघून म्हणाली, "पट्टा निम्मा गेलाय."

पाचव्या खेपेला काहील मधोमध होती आणि घाटावरचा दगडी खांब हलला. आधी खालची माती सुटली, मग खांब वाकला. दोर सैल पडला, काहील एकदम खाली ओढली गेली आणि आतली माणसं किंचाळली. नऊ बायका, वस्ताद आणि म्हादबा यांनी दोराला मिठी मारली. पायरीवरच्या शेवाळानं त्यांचे पाय घसरत होते. एकेक पायरी ती अकरा माणसं नदीकडं ओढली जात होती. म्हादबा डोळे मिटून नुसता देवाचं नाव घेत होता.

तेवढ्यात त्याच्या मागून कुणीतरी म्हणालं, "सरका."

दाजीबा चौधरी ओट्यावरून खाली आला होता. अंगरखा काढून ठेवलेला, धोतराचा काचा मारलेला. त्यानं दोराचं शेपूट उचललं, आपल्या कमरेला दोन वेढे दिले आणि रथघराच्या उंबऱ्याला पाय लावून मागं रेलून बसला. दोर पुन्हा ताठ झाला. उरलेल्या सगळ्या खेपा होईपर्यंत तो तिथून उठला नाही. त्याच्या कमरेवर दोराचा वळ उमटला तो शेवटपर्यंत गेला नाही म्हणे.

शेवटच्या खेपेला इसाक मोमीन आला. पैलतीराचा पट्टा तोवर पाण्याखाली गेला होता आणि करंज अर्धा बुडाला होता. गाठीपाशी ठकूनं दोर धरला, पण बोटं वळेनात. म्हातारा उठला. काहील डुलली, तरी तो उभाच राहिला. ठकूच्या दोन्ही हातांच्या बाजूला त्यानं आपले दोन्ही हात दोराला घातले. पन्नास वर्षं मागावर चाललेले हात. "आता सोडा फास," तो बाकीच्यांना म्हणाला.

सगळे घाटावर उतरले तेव्हा ऊन कलत होतं. आणलेली माणसं पायऱ्यांवर उभी होती आणि पेठेची माणसं चार हात मागं. मधे दाजीबा दोर सोडत बसला होता. सगळ्यांना वाटलं, आता हा काय म्हणतो.

"घरात कुणी जायचं न्हाई," दाजीबा म्हणाला. "एकवीस दिस न्हाई. हे माझं आजबी म्हणणं हाय."

"मग कुठं जावं त्यांनी?" ठकूनं विचारलं.

दाजीबानं मान वळवून रथघराकडं पाहिलं. शहरात तेवढं मोठं, कोरडं, उंच छपराचं दुसरं घर नव्हतं. "म्हादबा," तो म्हणाला, "रथ बाहेर काढ. भिजंल, भिजू दे."

रथ बाहेर काढला. एकवीस दिवस डोहेश्वराचा रथ पावसात उभा राहिला आणि रथघरात एकेचाळीस माणसं राहिली. ठकू त्यांच्यातच राहिली, कारण त्यांचा तिला स्पर्श झाला होता आणि ती स्वतःहून आत गेली. जेवण दाराशी ठेवलं जायचं. दाजीबाच्या घरचं ताट रोज पहिलं यायचं. दोन म्हातारी माणसं त्या एकवीस दिवसांत गेली, एकोणचाळीस बाविसाव्या दिवशी आपल्या पायांनी बाहेर आली. पेठेत नवी लागण झाली नाही.

त्यांतली पुष्कळशी पुढं पैलतीरालाच परत गेली. त्यांची इथली घरं गेली होती, आणि जिथं मेलो नाही ती जागा आपली, असं इसाक मोमीन म्हणाला म्हणे. ओढ्याच्या वरच्या अंगाला त्यांनी पक्की घरं बांधली. आज तिथं पैलवस्ती आहे, शाळा आहे, दोनशेवर माग चालतात.

चैत्र आला. रथ ओढायचा दिवस आला, तेव्हा म्हादबानं दोर बाहेर काढला. दोराला गाठ तशीच होती आणि पुढं अंबाडीचा दोर. काहींचं म्हणणं पडलं, आपला दोर आपल्याला मोकळा करून घ्यावा. सात जणांनी गाठ सोडायचा प्रयत्न केला. पाण्यानं फुगून, उन्हानं सुकून ती दगडासारखी झाली होती. कोयता आणायला माणूस निघाला, तेव्हा म्हादबा गुरव, तोच भित्रा म्हातारा, दोरावर आडवा पडला. "ह्या गाठीवर एकेचाळीस जीव आल्यात," तो म्हणाला. "हिला लोखंड लावलं तर रथाला माझा हात लागणार न्हाई."

दाजीबानं कोयता परत पाठवला.

ठकूला पुढं बोलावलं, पहिला हात तिनं लावावा म्हणून. तिचे तळहात भरून आले होते, पण बोटं कायमची वाकडी राहिली होती. वल्हं काही तिला पुन्हा धरता आलं नाही. तिनं आपला वाकडा पंजा गाठीवर ठेवला आणि गर्दीकडं नजर फिरवली. मग विचारलं, "पलीकडची समदी आली?"

आली नव्हती. नवी नाव लहान होती, अजून दोन खेपा राहिल्या होत्या. पूजा झाली होती, ऊन तापत होतं, मुहूर्त टळत होता. ठकूनं गाठीवरचा हात काढला नाही. "मग थांबा," ती म्हणाली.

रथ थांबला. शेवटची नाव लागली, इसाक मोमीन नातवाच्या खांद्यावर हात ठेवून घाट चढून आला, पैलतीराच्या माणसांनी अंबाडीचा दोर धरला, पेठेच्या माणसांनी काथ्याचा, आणि मगच चाकं फिरली.

ठकू त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं जगली. पुढं पूल झाला, नाव बंद पडली, गाड्या आल्या, मग बस आली. थांब्याला काय नाव द्यायचं अशी चर्चा झाली तेव्हा लोक आधीपासूनच त्या जागेला गाठ म्हणत होते, म्हणून तेच पाटीवर चढलं.

आजही चैत्री पौर्णिमेला पैलवस्तीची माणसं पूल ओलांडून येईपर्यंत नावपेठेचा रथ जागचा हलत नाही. गेल्याच्या गेल्या वर्षी तर त्यांची बस पुलाच्या ऐन मध्यावर बंद पडली. आत माणसं खच्चून भरलेली, बरीचशी म्हातारी. मागची वाहतूक तुंबली, पोलीस आले, मेकॅनिकला फोन गेले. इकडं घाटावर पाच हजार माणूस उन्हात उभं. बाहेरून आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, थोडी माणसं कमी असली तर काय बिघडतं? एका बाईनं त्याच्या हातात पन्ह्याचा पेला दिला.

मग पेठेची तरुण पोरं-पोरी पुलावर चालत गेली. ज्यांना चालता येत होतं त्यांना हाताला धरून आणलं, ज्यांना येत नव्हतं त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणलं. सगळ्यांत शेवटी जैतुनबी मोमीन म्हणून नव्वदीची म्हातारी आली. तिला उशीर झाल्याचं वाईट वाटत होतं, ती वाटेत सारखी म्हणत होती, "माझ्यापायी कशाला रं खोळंबा? निघायचं न्हवं तुम्ही."

तिची खुर्ची घाटावर टेकली तेव्हा मुहूर्ताला सव्वादोन तास उलटून गेले होते. दामूअण्णांनी तिच्या हातात अंबाडीच्या दोराचं टोक दिलं, वर पाहिलं आणि पुरोहिताला म्हणाले, "आता झाला मुहूर्त. वाजवा."